बंद पडलेल्या गाड्या, आणि बाबांच्या पेटीतलं एक तिकीट

मुक्काम_पोस्ट

दिवाळीत गावचं घर आवरताना बाबांची पत्र्याची पेटी उघडली. वर शाळेचे दाखले, सोसायटीच्या पावत्या, आणि तळाशी एका जुन्या डायरीत रेल्वेचं तिकीट. पुठ्ठ्याचं, दोन बोटांएवढं, कडेला चिमट्याने पाडलेली खाच. 'मिरज ते' एवढं वाचता येतं. पुढचं नाव कसरीने खाल्लंय, शेवटचं 'गाव' तेवढं शिल्लक आहे. तारखेतले १२ दिसतात, महिना-साल गेलं. कोपऱ्यात 'तिसरा वर्ग'.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे विचारायची सोय नाही. आमचं गाव मिरज-पंढरपूर लाईनवर, म्हणजे जुन्या बार्शी लाईट या छोट्या रुळांच्या रेल्वेवर. जवळचं स्टेशन ढालगाव, तेव्हा ते 'गाव' त्यातलंच असणार. बाबा कॉलेजला सांगलीत होते, शनिवारी घरी यायचे, एवढं ठाऊक आहे.

प्रश्न दोन. तिकीट साधारण कधीचं असेल? आणि ते जपून का ठेवलं असेल? बाबा जपून ठेवणाऱ्यांतले अजिबात नव्हते. माझ्या बारशाचे फोटोसुद्धा आम्हाला मामाकडून मागून आणावे लागले.

या निमित्ताने तुमच्या तुमच्या बंद पडलेल्या गाड्यांबद्दलही लिहा. मी स्वतः त्या छोट्या गाडीत तिसरीत असताना एकदाच बसलो. खिडकीतून हात बाहेर काढला तर बाभळीची फांदी हाताला लागली, आणि शेजारच्या आजोबांनी माझ्याच हातावर चापट मारली. एवढंच आठवतं.

नॅरोगेज_वेडा

वा, बार्शी लाईट! माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही करामत. दोन रुळांत अंतर अडीच फूट. रूळ हलके वापरायचे, पण प्रत्येक चाकजोडीवर भार पाच टनांच्या वर जाऊ द्यायचा नाही, इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), असं त्याचं गणित. १८९७ मध्ये पहिला तुकडा सुरू झाला, बार्शी रोड ते बार्शी. बार्शी रोड म्हणजे आपली कुर्डुवाडी. १९०६ ला गाडी पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ती कंपनीचीच होती, सरकारने घेतली १९५४ मध्ये.

आषाढी-कार्तिकीला डबे पुरायचे नाहीत, मग मालाच्या वाघिणींत माणसं बसवायची. माझी आजी सांगायची, वाघिणीत एका कोपऱ्यात टाळ-मृदंग आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुणाची तरी व्यालेली शेळी. भजन थांबलं की शेळी ओरडायची, शेळी थांबली की भजन.

तिकिटाचं मला सांगता येणार नाही. त्यातली जाणकार मंडळी येतीलच.

तिकीटबाबू_निवृत्त

आलो.

साल काढणं सोपं आहे. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ ला बंद झाला, त्याचाच दुसरा वर्ग झाला. म्हणजे तिकीट त्याच्या आधीचं. वडील कॉलेजला कोणत्या वर्षी होते ते बघा आणि दोन्ही जुळवा.

आता त्या पुठ्ठ्याबद्दल. मी बुकिंगला तीस वर्षं काढली. खिडकीमागे लाकडी खण असायचे, एकेका स्टेशनाचा एकेक खण, तिकिटं त्यात उभी रचलेली, क्रमाने. माणूस म्हणाला 'दोन आरग', की हात न बघता आरगच्या खणात जायचा. तिकीट यंत्रात सारायचं, खट्ट, तारीख उमटली. तो खट्ट आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो, खोटं नाही सांगत. ड्यूटी सुटताना प्रत्येक खणातलं पुढचं तिकीट कितव्या नंबरचं ते वहीत उतरवायचं. सकाळचा नंबर, संध्याकाळचा नंबर, वजाबाकी, तेवढे पैसे गल्ल्यात पाहिजेत. एकदा गर्दीच्या दिवशी दोन तिकिटं चिकटून गेली. लांबच्या स्टेशनाची होती. त्या महिन्यात घरी साखर कमी आली.

पण खरी गंमत पुढे आहे. हे तिकीट तुमच्या पेटीत असायलाच नको होतं. उतरल्यावर गेटवर ते काढून घ्यायचे. ती जमा झालेली तिकिटं बांधून हिशेबाला जायची. तिकीट घरी राहिलं याचा अर्थ तुमचे वडील गेटमधून बाहेर पडलेच नाहीत.

मुक्काम_पोस्ट

बाबू, अंगावर काटा आणलात.

पण लोक गेट चुकवतात ते तिकीट नसतं म्हणून. इथे तर तिकीट आहे!

जनरल_डबा

छोट्या स्टेशनावर कसलं गेट आणि कसलं काय हो. तिकीट घ्यायला माणूसच नसेल. झालं, कोडं सुटलं.

तिकीटबाबू_निवृत्त

माणूस नसेल तर गार्ड किंवा स्टेशन मास्तर स्वतः उभा राहायचा. निदान मी पाहिलेले तरी राहायचे. कोडं सुटलेलं नाही.

लातूरची_लेक

धागा छान आहे, पण जरा थंड पाणी ओतते.

माझं माहेर लातूर. बार्शी लाईटच्या आठवणी काढणाऱ्यांत बहुतेक जण सुट्टीत एकदा बसलेले असतात. आम्ही रोजचे होतो. लातूरहून कुर्डुवाडी, तिथे सामान उतरवा, मोठ्या लाईनच्या फलाटावर जा, तिथली गाडी उशिरा, रात्र बाकावर. माझ्या काकांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा याच गाडीत बसायची कुणाची हिंमत झाली नाही, जीप केली. रम्य वगैरे ठीक आहे.

आणि २०१६ विसरू नका. त्या एप्रिलमध्ये लातूरला नळाला थेंब नव्हता. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टँकर, साधारण पाच लाख लिटर. नंतर पन्नास-पन्नास टँकरच्या खेपा आल्या. ती गाडी कोणत्या वाटेने आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. तुमची तीच बार्शी लाईट, फक्त रूळ मोठे झालेले. अडीच फुटी रुळांवरून हे पाणी आलं असतं का? त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत होत्या आणि मी फोनवर आईला विचारत होते, आली का गाडी, आली का गाडी. गाडीची एवढी वाट मी आयुष्यात बघितली नाही.

नॅरोगेज_वेडा

शंभर टक्के मान्य. मी वेडा आहे, आंधळा नाही.

फक्त एक सांगतो. गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, बदललं तेव्हा वाटही काही ठिकाणी बदलली. जुनी लाईन उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जातच नव्हती, येडशीवरून परस्पर ढोकीला जायची. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली ती मोठ्या रुळांमुळेच. म्हणजे तुमच्याच बाजूचा मुद्दा मी देतोय. पण रामलिंगच्या घाटातलं ते वळण, जिथे शेवटच्या डब्यातून इंजिन समोर आडवं दिसायचं, ते गेलं म्हणून एखाद्याने उसासा टाकला तर तेवढा टाकू द्या.

खानदेशी_मिरची

आमची पी.जे.! पाचोरा-जामनेर. छप्पन्न किलोमीटर. करोनात थांबली ती थांबलीच. आता मोठी लाईन होणार म्हणतात, होऊ दे.

शेंदुर्णीला माझी मावशी. पाचोऱ्याहून बसलं की वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी. खिडकीच्या गजाला बाहेरून दुधाच्या किटल्या लटकवलेल्या, एकमेकींवर आपटत किणकिण करायच्या. म्हणून आमच्या घरात 'पी.जे. आली' हे लांबून कळायचं.

फाटकाची गंमत सांगते. काही फाटकांवर माणूसच नव्हता. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची, गाडीतलाच एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबायची, हा फाटक उघडायचा आणि पळत येऊन शेवटच्या डब्यात चढायचा. एकदा त्याला फाटकावर ओळखीचा बैलगाडीवाला भेटला. दोघांनी तंबाखू मळली. अख्खी गाडी थांबून. कुणी काही बोललं नाही. एका म्हाताऱ्याने तर गाडीतूनच ओरडून चुना मागितला.

मुक्काम_पोस्ट, तुमचं तिकीट मात्र डोक्यात बसलंय. पुढे काय ते कळवा.

वऱ्हाडी_मानूस

शकुंतलेचं नाव कोनीच काढलं नाही अजून? काय बाप्पा.

मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर आणि दुसऱ्या अंगानं मूर्तिजापूर-अचलपूर ७६. किलिक निक्सन नावाच्या विलायती कंपनीनं कापूस न्यायसाठी बांधली. देश स्वतंत्र झाला, बाकी बहुतेक रेल्वे सरकारी झाल्या, हे रूळ मात्र कंपनीच्याच नावावर राहिले. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मंग डिझेल आलं.

आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर लेकरं हसतात. या गाडीवर दोन-चार माणसं सगळं करायची. तिकीट विकणं, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावणं, सिग्नल, सगळं तीच मंडळी. कारंज्याला माझा आजा कापसाचा दलाल. त्याला कुणी वेळ विचारली की म्हणायचा, 'शकुंतला येऊन गेली काय? मंग लय वाजले. नाही आली? मंग कायचेच नाही वाजले.'

आता रुळांत गवत आहे आणि काही ठिकाणी तर रूळही दिसत नाहीत. गोरगरिबांचं तिकीट स्वस्त होतं हो त्या गाडीचं. एसटीच्या तिकिटात घरातली दोन-तीन माणसं जाऊन यायची. रम्य-बिम्य आम्हालाही काही नव्हतं, ताई. गाडी बंद झाली तेव्हा बाजाराला जाणाऱ्या बाया घरी बसल्या, हे सांगायचं होतं.

लातूरची_लेक

हे पटलं. माझी तक्रार बंद होण्याबद्दल नव्हती, नुसतं गोड-गोड लिहिण्याबद्दल होती. गाडी बंद करून त्या जागी काहीच आलं नाही, तर तो वेगळा विषय आहे.

सड्यावरची

त्या वेगळ्या विषयात आमची दादर-रत्नागिरी पॅसेंजर घाला. करोनाआधी दादरहून सुटायची. नंतर ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनाहून. म्हणजे गाडी कागदावर बंद नाही, पण दादरला राहणाऱ्या माझ्या सासूबाईंना विचारा. दोन पिशव्या, एक फणसाचा गरा-पेटारा आणि गुडघे घेऊन आधी लोकलने दिव्याला जायचं. दिव्याचा जिना पाहिलाय का?

पूर्वी गणपतीच्या आधी या गाडीत बाकाखाली वर्तमानपत्र अंथरून मी झोपलेली आहे. पनवेल गेलं की कुणीतरी भजन धरायचं. कोलाडला पावसाचा वास यायचा, चिपळूणला जाग यायची, आणि संगमेश्वरला समोरच्या बाई डबा उघडून 'घे गो' म्हणायच्या. नाव विचारायच्या आधी 'घे गो'.

पासवाला_नाशिककर

गोदावरी एक्सप्रेस. मनमाड-मुंबई, म्हणजे कुर्ल्याला पोचायची. करोनात बंद पडली, तिच्या वेळेत आता धुळ्याची गाडी धावते. धुळेकरांना गाडी मिळाली ते बरंच झालं, पण आमची जागा तिथेच गेली.

आमच्या बोगीत हळदीकुंकू व्हायचं, एकदा एका मुलीचं डोहाळजेवणही केलं. इगतपुरीत ओटीचं सामान चढलं आणि कसारा घाटात ओवाळणी. बोगद्यात निरांजन विझलं म्हणून पुन्हा लावलं. तो मुलगा आता अकरावीत आहे. ग्रुप अजून आहे, त्यावर फक्त गुड मॉर्निंग येतात.

छागळ

मनमाडचं नाव आलं म्हणून डोकावलो. मी परभणीचा. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी ही निजामाच्या काळातली, १९०० सालची, मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीची, लाईन. मनमाडला मुंबईची मोठी गाडी सोडून रात्री छोट्या गाडीत बसायचं. नव्वदच्या दशकात ती परभणीपर्यंत मोठी झाली आणि ते गाडी बदलणं संपलं.

माझ्या नावाचा अर्थ नवीन मंडळी विचारतात म्हणून सांगतो. जाड कापडाची पाण्याची पिशवी, लाकडी बूच लावलेली. ती खिडकीबाहेर टांगायची. वाऱ्याने कापड सुकत जातं आणि आतलं पाणी गार होत जातं. मेच्या दुपारी परतूरच्या पुढे डब्यातला पंखा गरम हवा फेकत असायचा आणि छागळीतलं पाणी मात्र दात शिवशिवतील असं. डब्यात ज्याची छागळ, तो राजा. वडील कुणालाही पाणी द्यायचे, मला आधी द्यायचे नाहीत. 'आपलंच आहे, थांब.'

आणखी एक. गाडीच्या आर.एम.एस.च्या, म्हणजे रेल्वे टपालसेवेच्या, डब्याला टपालाची पेटी असायची. जादा तिकीट चिकटवून त्यात पत्र टाकलं की त्याच गाडीने जायचं. माझ्या नोकरीचा अर्ज शेवटच्या दिवशी तसाच गेला होता. मी सायकलवरून स्टेशनात आलो तेव्हा तीन ठोके पडले होते. रुळाचा टांगलेला तुकडा, त्यावर लोखंडी दांडक्याने ठोके. अर्ज पेटीत पडला, गाडी हलली, आणि मग मला आठवलं की अर्जावर सही केलेली नाही.

खानदेशी_मिरची

नोकरी लागली का??

छागळ

दुसऱ्या वर्षी.

कुर्डुवाडीचा_पाहुणा

मूळ कोड्याकडे येऊ का? आमच्या घरातले दोघं जण कुर्डुवाडीच्या कारखान्यात या छोट्या इंजिनांवरच होते, त्यामुळे लहानपणापासून ऐकत आलोय. बार्शी लाईटची गाडी चढाला इतकी हळू व्हायची की पोरं उतरून शेजारून चालायची आणि पुन्हा चढायची. ज्यांची शेतं रुळाला लागून, ते स्टेशनापर्यंत जायचेच नाहीत. पिशवी आधी टाकायची, मग स्वतः. ड्रायव्हरलाही माहीत असायचं.

मुक्काम_पोस्ट, तुमचं शेत कुठे आहे?

मुक्काम_पोस्ट

रुळाच्या कडेला. स्टेशनाच्या अलीकडे दीड-दोन किलोमीटर, मिरजेच्या बाजूने.

आत्ता लिहिताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थांबा. आत्याला फोन करतो. ती जतला असते, ऐंशीच्या घरात आहे, पण सगळं लक्षात असतं तिला. नको तेसुद्धा.

तिकीटबाबू_निवृत्त

बसलोय. चहा टाकला.

मुक्काम_पोस्ट

झालं बोलणं. पाऊण तास. त्यातली चाळीस मिनिटं माझ्या वजनाबद्दल.

बाबा दर शनिवारी ढालगावचं तिकीट काढायचे आणि शेताशी उडी मारायचे. स्टेशनापर्यंत जाऊन मागे चालत यायचं कशाला. आजीला हे माहीत नव्हतं, आत्याला माहीत होतं, कारण बाबांची पिशवी झेलायला तीच बांधावर उभी असायची. पिशवीत मळके कपडे आणि तिच्यासाठी सांगलीचे भडंग.

एका शनिवारी आजोबा तिथेच मोटेवर होते. गाडी आली, पिशवी पडली, मागून बाबा पडले. नेमके पायाखाली दगड. घोटा मुरगळला. आजोबा आले, काही बोलले नाहीत, मुंडाशाचं टोक फाडून पाय बांधला, खांद्याचा आधार देऊन घरी आणलं. रात्री जेवताना बाबांच्या खिशातून तिकीट काढून कंदिलाजवळ धरलं आणि विचारलं, 'हे कुठलं?' बाबा म्हणाले, 'ढालगावचं.' 'आणि उतरलास कुठं?' बाबा गप्प. आजोबा म्हणाले, 'मग मधल्या वाटेचे पैशे रेल्वेकडं राहिले की. जा, मागून आण. तवर हे जपून ठेव.'

घरात सगळे हसले. आजी तेवढी रडली, कारण तिला उडीचं त्याच रात्री कळलं. पुढच्या शनिवारपासून बाबा स्टेशनावर उतरून चालत यायला लागले. आत्याला भडंग मिळायचे, पण झेलायची मजा गेली म्हणते.

साल तिला सांगता आलं नाही. 'तुझा बाप मिशी कोरायला लागला होता' एवढं सांगितलं. म्हणजे बाबूंचा चौऱ्याहत्तरच्या आधीचा हिशेब बरोबर.

खानदेशी_मिरची

डोळ्यात पाणी आणि हसू दोन्ही. आत्याला नमस्कार सांगा.

वऱ्हाडी_मानूस

आजा असावा तं असा!

लातूरची_लेक

मी माझे शब्द मागे घेत नाही, पण हे तिकीट लॅमिनेट करू नका. तसंच डायरीत ठेवा.

मुक्काम_पोस्ट

तसंच ठेवलंय. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातलाय सोबत.

बाबू, एक शेवटची शंका. मधल्या वाटेचे पैसे खरंच मागता आले असते का?

तिकीटबाबू_निवृत्त

अर्ज करावा लागला असता, सोबत मूळ तिकीट जोडून. तेव्हा ते तुमच्याकडे राहिलं नसतं. आणि मी खिडकीवर असतो तर आधी विचारलं असतं, चालत्या गाडीतून उतरलास कशाला, आण दंड.